कोनलची माघार

"तू उमेदवारीचा अर्ज मागे घे. फिंटन कुठं आहे ते मी दाखवतो," डिनी म्हणाला आणि बिअरचा घोट घेऊन मिशीवरचा फेस पुसला.

कोनल मॅकाटीर त्याच्याकडे बघतच राहिला. फिंटन त्याचा धाकटा भाऊ. इंग्रजांचा खबऱ्या ठरवून त्याला बंदूकवाल्यांनी भरल्या ताटावरून उचलून नेलं, त्याला कित्येक वर्षं झाली. प्रेतही दिलं नव्हतं. आता तेच लोक रिपब्लिकन म्हणून मतं मागत होते, आणि डिनी त्यांचाच उमेदवार. कोनल राष्ट्रवादी, पण बंदुकीचा वैरी. आयर्लंड एक व्हावं, असं दोघांचंही म्हणणं. दोघं उभे राहिले तर मतं फुटणार आणि जागा ब्रिटनलाच चिकटून राहू म्हणणाऱ्या लंडनवाल्यांच्या घशात जाणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं.

"ऊनानं घेतला मागे," डिनीनं टोचलं. ऊना म्हणजे गिरणीकामगारांची समाजवादी उमेदवार. "बाईमाणसाला जमलं ते तुला जमत नाही होय रे?"

"तिच्या भावाला नाही मारलंत तुम्ही."

"म्हणून तर तुला जास्त देतोय."

कोनलला शिसारी आली. पण डोळ्यांपुढे आई उभी राहिली. फिंटनचं नाव तिनं पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं. ती वाट बघून झिजतेय, असंच तो समजत होता. दुपारी निवडणूक कचेरीत जाऊन त्यानं माघारीच्या कागदावर सही केली. मग आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिनी मायलेकांना दलदलीवर घेऊन गेला. धुकं असं की हातभर पलीकडचं दिसेना. इथं प्रत्येक घराचा आपला पट्टा असतो. काळी माती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि हिवाळाभर चुलीत जाळायची. दुसऱ्याच्या पट्ट्यात कुणी फावडं घालत नाही. चालता चालता डिनी मॅकाटीरांच्याच पट्ट्याकडे वळला. याच मातीवर त्यांनी इतके हिवाळे हात शेकले होते.

"हरामखोरा, आमच्याच जमिनीत?"

"तुमच्याशिवाय दुसरं कोण खणणार होतं इथं? आणि तुम्हाला सापडला असता, तरी आमच्या धाकानं तुम्ही बोलला नसता."

डिनीनं बोट उचलायच्या आत आई पुढे गेली. पट्ट्याच्या टोकाला एक उंचवटा होता. तिथली माती ओली आहे म्हणून ती कुणाला कापू देत नसे. ती गुडघ्यांवर बसली, गवत बाजूला सारलं. खाली पांढऱ्या दगडांचा क्रूस होता. दगडांवर शेवाळ नव्हतं.

डिनीनं टोपी काढली. "तुला कुणी सांगितलं, म्हातारे?"

"पहिल्याच उन्हाळ्यात फावड्याला त्याचा स्वेटर लागला. मीच विणलेला."

"आई, मग मला का नाही सांगितलंस?" कोनल ओरडला.

"तू काय गप्प बसला असतास?" दगड शालीच्या टोकानं पुसत आई म्हणाली. "एक तरी मुलगा यांच्या हाती लागू नये, म्हणून मी तोंड शिवून बसले. आणि काल तू सही करून आलास."