एकच कॉर्ड

ममीच्या चष्म्याला धक्का न लावता मी तिच्या पियानोसमोर बसले. तिला दफन करून आठवडा झाला होता आणि डॅडींना आज सॅक्सोफोन वाजवायचा होता.

"डॅडी, मला तिच्यासारखं येत नाही."

"तिच्यासारखं नकोच, बाय. जुन्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे दोन-तीन स्वर, सारखे बदलतात. तुझी ममी पुढं पळायची आणि मी सूर जुळवत तिच्या मागं. चाळीस वर्षं दमवलं बाईनं." ते हसले. "मोडल जॅझमध्ये तसं नसतं. एकच कॉर्ड कितीतरी वेळ राहतो. त्या स्वरांमध्ये मी हवं तिथं फिरेन."

त्यांनी माझी बोटं तीन पट्ट्यांवर ठेवली. मी तो कॉर्ड वाजवू लागले.

डॅडींनी सॅक्सोफोन ओठांना लावला, एक सूर काढला, लांबवला आणि ते थांबले. मला वाटलं, दम लागला. पण ते माझ्या हातांकडे पाहत होते, मी पुढं कुठं जाते त्याची वाट बघत.

"वाजवा ना, डॅडी."

"कुठं जाऊ?" त्यांनी विचारलं.

मला दुसरा कॉर्ड येत नव्हता. मी तोच वाजवत राहिले.