तक्रार कर!

लष्कराचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं रखडू नये, म्हणून ते वापरणाऱ्यालाच शेजारी बसवून बनवायचं ठरलं. चिखलीच्या ऑफिसात प्रोग्रामर आम्रपालीशेजारी हवालदार तुपे येऊन बसले.

"काही अडचण?"

"न्हाई, मॅडम!"

स्क्रीन बंद पडला.

"आता?"

"झकास, मॅडम!"

आम्रपाली रडकुंडीला आली. हे असंच सीमेवर गेलं तर? शेवटी ती उभी राहून ओरडली, "हवालदार तुपे, तक्रार कर!"

तुपे खाडकन ताठ झाले. "बटणं बारीक हायत! हातमोज्यांनी दबत न्हाईत! अक्षरं उन्हात दिसत न्हाईत!"

ती भराभर दुरुस्त करत गेली. संध्याकाळपर्यंत तुपेंच्या तक्रारी कॅन्टीनच्या पांचट चहापर्यंत पोचल्या.

"झालं का सगळं?" तिने दमून विचारलं.

"एकच ऱ्हायलं, मॅडम. मघाचा हुकूम लई मवाळ व्हता. पोटातनं वरडायचं!"