म्हस्कूचं शेवटचं पत्र

२०१९ साली, एकाहत्तरच्या लढाईतल्या जवानांची पत्रं जमवायला एका संग्रहालयाची माणसं शिरूरजवळच्या आमच्या गावी आली. शेजारच्या सखूबाईनं नवऱ्याचं, म्हस्कूचं, शेवटचं पत्र पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं. पत्र आलं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मीच तिला ते वाचून दाखवलं होतं, "संक्रांतीला येतो."

नोंदी करणाऱ्या सुषमानं आता ते मोठ्यानं वाचलं. "संक्रांतीला येतो. पण उद्या चौकीवर चढाई आहे. माघारी आलो नाही तर पाट लाव, दुसरं लग्न कर. एकटी राहू नको."

मी सखूबाईचे पाय धरले. "वहिनी, माझ्या तोंडून ते निघालंच नाही. तुमचा सगळा जन्म गेला."

"ऊठ येडे. नवरा येनार म्हनून वाचताना कुनी एवढं रडतंय व्हय? तू काहीतरी गाळलंस, ते मला तवाच कळलं."

"मग मास्तरांकडून वाचून का नाही घेतलं?"

"तू वाचलेलंच बरं वाटलं, दया."

सखूबाई दोन वर्षांनी गेली. सुषमा अजून संग्रहालयात आहे. पुसट झालेली पत्रं वाचायला ती मला बोलावते. मी एकही ओळ गाळत नाही.