आमच्याकडे पांढरा

दोन रेल्वे कंपन्या एक झाल्या आणि पलीकडचा एक ड्रायव्हर आमचे सिग्नल शिकायला माझ्या गळ्यात पडला. उठताबसता त्याचं एकच पालुपद, "आमच्याकडे." आमच्याकडे हिरवा म्हणजे जपून जा. आमच्याकडे पांढरा म्हणजे वाट मोकळी. माझ्या इंजिनाच्या भोंग्याचा घसा बसलाय, तर आमच्याकडे म्हणे भोंगेही गोड!

"अहो, लाल काच फुटली तरी दिवा पांढराच दिसतो," मी म्हणालो. "आमच्यात शेंबडं पोरसुद्धा पांढरा बघून थांबेल."

त्या संध्याकाळी इंजिन उभं करायला आम्ही यार्डातल्या शेवटच्या लाइनीत शिरलो. तिथे रूळ भिंतीपाशी संपतात. वाटेत एक जुना सिग्नल आहे, भिंतीकडे तोंड करून. जणू भिंतीतूनच गाडी येणार आहे! त्याच्या तारा कधीच्या कापल्यात.

सिग्नल मागे टाकून मी भिंतीजवळ ब्रेक लावला, इंजिन बंद केलं.

"पांढरा लागलाय," बाहेरच्या आरशात बघत तो म्हणाला.

मी पाहिलं. मागच्या त्या सिग्नलवर खरंच पांढरा दिवा होता.

"मग जा की," मी खेकसलो. "तुमची वाट मोकळी झाली ना!"

तो हसला नाही. आरशातला पांढरा लाल झाला.

"आमच्याकडे," तो हळूच म्हणाला, "गाडी सिग्नल ओलांडून गेली की लाल होतो."

"तेवढं आमच्याकडेही होतं. पण कुठली गाडी, महाराज?"

सिग्नलच्या पलीकडे, दूरवर, भोंगा वाजला. घसा बसलेला. माझ्याच इंजिनाचा.