घरचा पेशंट

"आजोबा, हलू नका," टिल्ली म्हणाली आणि खुर्चीवर चढून त्यांच्या कोटाची बटणं लावू लागली.

नातीला हा खेळ फार आवडतो, असं आजोबांनीच घरात पसरवून दिलं होतं. खरी गोष्ट अशी की, गेले काही महिने बटणं त्यांच्या बोटांना दाद देत नव्हती. ज्या माणसाने उभा जन्म कणीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून घड्याळात बसवले, त्याला साधं शर्टाचं बटण हुलकावणी देत होतं. दुकानात काही हातातून निसटलं की ते गिऱ्हाइकाला सांगत, "पार्ट मिळत नाही हो हल्ली." कुठला पार्ट, असं कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकं भोळी असतात, नाहीतर दुकानं चालली नसती.

बाहेरच्या खोलीत केक आला होता. सून डॉक्टर झाली होती. पदवीदानाचा समारंभ सकाळीच आटोपला होता आणि उद्या सामानाचा ट्रक यायचा होता. मुलगा, सून आणि टिल्ली लांबच्या शहरात निघाली होती.

ट्रक हलेपर्यंत कुणाला काही कळता कामा नये, एवढंच आजोबांनी मनाशी पक्कं केलं होतं. कळलं तर सून जागची हलणार नाही. टिल्लीला मांडीवर थोपटत, स्वयंपाकाच्या ओट्यावर पुस्तक उभं करून ती शिकली होती. त्या पोरीच्या पायातली बेडी आपण व्हायचं नाही.

"बाबा, तुम्हीही चला," असं मुलगा एकदा म्हणाला होता. "दुकान कोण बघेल?" आजोबांनी विचारलं, आणि मुलाने पुन्हा विषय काढला नाही. इतक्या लवकर गप्प बसायला नको होता, असं त्यांना वाटलं. मग असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

आज तर त्यांचं दाढीचं सामानही जागेवर नव्हतं. "खोक्यात गेलं," टिल्लीने सांगितलं. घाईगडबडीत हे व्हायचंच, असं म्हणून ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन आले. सलूनवाल्याची बडबड ऐकावी लागली, पण स्वतःच्या हातात वस्तरा धरायची कटकट वाचली.

"इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा चालून आली होती म्हणे," शेजारच्या काकू केकची बशी घेऊन त्यांच्याशेजारी टेकल्या. "हिने नाही म्हटलं. तुमच्या मुलाने कायमची नोकरी सोडली. तिथे काय सोनं लागलंय?"

"तरुण माणसं आहेत, जग बघू दे," आजोबा म्हणाले. त्यांनाही ते कोडं सुटलं नव्हतं. तिथे सुनेला मिळालेली जागा इथल्यापेक्षा खालची होती, पगारही बेताचा. पण विचारायला गेलं तर 'जाऊ नका' असा अर्थ निघेल, म्हणून ते तोंड मिटून होते.

"बाबा, शेवटची केस," सून त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. "डॉक्टरीणबाईंची परीक्षा घ्या."

पाहुणे हसले. घरातला हा जुना खेळ सगळ्यांना ठाऊक होता. सरावाला पेशंट हवा म्हणून सुनेने आधी नवऱ्याला धरलं होतं, पण स्टेथोस्कोप लागला की त्याला गुदगुल्या व्हायच्या. मग ते काम आजोबांकडे आलं. त्यांनी कावीळ केली, दमा केला, एकदा तर बाळंतीणही झाले. मागच्या महिन्यात सुनेने त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तेव्हा अंगठा आपोआप आत वळला होता. "हे काय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, सराव," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. अभ्यासाने जीव मेटाकुटीला आलाय बिचारीचा, असं वाटून त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला होता.

आज त्यांनी मुद्दाम पोटाचा पेशंट निवडला. हातांचा संबंध येणार नाही असा.

"डॉक्टर, जेवलं की जळजळतं."

"काय जेवता?"

"सून वाढेल ते."

खोलीत हशा पिकला. सुनेने जीभ पाहिली, पोट दाबलं, पित्ताचं निदान केलं. टाळ्या पडल्या, आणि मंडळी पुन्हा केककडे वळली. आजोबांनी मोकळा श्वास घेतला. निभावलं एकदाचं.

सुनेने मात्र त्यांचा हात सोडला नाही. मधलं बोट अलगद धरून तिने नखाला टिचकी मारली. अंगठा आत वळला.

"बटणं कधीपासून लागत नाहीत, बाबा?" तिने हळूच विचारलं.

आजोबांनी हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"हे बघ, उद्या ट्रक येतोय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुझी नोकरी आहे, टिल्लीची शाळा आहे. माझ्यापायी तुमचं जाणं मोडलं, तर मी स्वतःला माफ करणार नाही."

"दुखणं मानेत आहे, बाबा. ऑपरेशन लवकर झालं तर हात वाचतील," सून म्हणाली. "आणि जाणं मोडेल कसं? तुमचं सामानही खोक्यात गेलंय. ते ऑपरेशन जे डॉक्टर करतात, त्यांच्याच हाताखाली नोकरी घेतलीय मी."