नवा कोरा फोन

मालक नानासाहेबांच्या भारी फोनचा पडदा लई बारीक पिक्सेलचा. म्हणून तनुजानं बियाण्यांच्या ॲपमधले सगळे आयकॉन तिसऱ्यांदा नव्यानं काढले, तरी त्यांना ते धुरकटच दिसत.

"असल्या फोनवर पण धुरळा? तू रांगोळीचे ठिपकेच जोड, बाई. उद्यापासून येऊ नको," म्हणत त्यांनी मुकुंदवाडीच्या ऑफिसात चारचौघांदेखत फोन तिच्या नाकापुढं धरला.

तिनं तो पहिल्यांदाच हातात घेतला. काचेवर खोक्यातून आलेलं कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं, ओरखड्यांनी भरलेलं, पूजेच्या हळदीचं बोट लागलेलं. तिनं नखानं कोपरा उचलला, तर खाली तिच्या आयकॉनमधलं ज्वारीचं कणीस दाण्यादाण्यानं लखलखलं.



तिनं तो कोपरा अंगठ्यानं पुन्हा घट्ट चिकटवला आणि फोन परत देत हळूच म्हणाली, "जपा हं साहेब, नवा आहे."