भरलेला वाडगा

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात आमच्या त्सांगचौ शहरात जुनं ते सगळं गुन्हा ठरलं, कुंगफू शिकवणंसुद्धा. तलवारी विहिरीत टाकून आमचे हे माझ्यासोबत सोयाचं दूध विकायला बसले. तरी एका सकाळी दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरं दारात उभी राहिलीच. म्होरकी जेमतेम विशीची. “वस्ताद ख्वांग तुम्हीच ना?” “कसला वस्ताद, बाई! दूधवाला मी,” काठोकाठ भरलेला वाडगा पुढे करत हे म्हणाले. “घे, गरम आहे.” वाडगा घ्यायचं सोडून तिने ह्यांच्या नाकावर ठोसा हाणला. चाळीस वर्षं ठोसे अडवणारा हात सवयीने वर गेला, तर मेलोच! हात हलला नाही. नाकातून रक्ताची धार लागली. “बघितलंस ना, पोरी? दूधच विकतो म्हातारा!” मी ओरडले. तिची नजर वाडग्यावर होती. “आजी,” ती म्हणाली, “थेंबसुद्धा सांडला नाही.”